समुद्रावरचे वीजघर

शहरात वीज गेली की पंखे थांबतात, लिफ्ट मध्येच अडकते आणि काही काळाने सारे पूर्ववत होते. शहराच्या पाठीशी शेकडो किलोमीटर पसरलेले वाहिन्यांचे जाळे असते. एक केंद्र बंद पडले तर दुसरीकडून वीज आणता येते. हे जाळेच कोलमडले तर काय होते, याचा अनुभव मुंबईने १२ ऑक्टोबर २०२० रोजी घेतला. लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि पुरवठा सुरळीत होण्यास काही तास लागले. तरीही शहर आपल्या जागेवरून हलत नाही. समुद्रात जाणाऱ्या जहाजाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या मदतीला बाहेरचे कोणतेही जाळे नसते आणि वीज गेली तरी ते थांबत नाही. हजारो टनांचे धूड आपल्या वेगाने पुढे सरकत राहते. फक्त त्याला वळवण्याचे आणि आवरण्याचे साधन हातातून गेलेले असते.

म्हणूनच जहाजावरील वीज ही सोय नसून जहाजाच्या सुरक्षिततेचा कणा आहे. ती पुरवण्याचे काम बहुतेक व्यापारी जहाजांवर डिझेल जनित्रे करतात. वीज निर्माण करणे हा या कामाचा तुलनेने सोपा भाग होय. ती जाऊ न देणे आणि गेलीच तर काही सेकंदांत परत आणणे, यासाठी जहाजाच्या वीजघराची सारी रचना केलेली असते.

दिव्यांपासून सुकाणूपर्यंत

जहाजावर वीज प्रथम आली ती प्रकाशासाठी. एडिसनच्या दिव्यांचा व्यापारी जहाजावरील पहिला वापर १८८० मध्ये ‘कोलंबिया’ या अमेरिकी आगबोटीवर झाला. त्या वेळचे डायनॅमो वाफेवर चालत. १९१२ मध्ये बुडालेल्या ‘टायटॅनिक’वर प्रत्येकी ४०० किलोवॉटची चार वाफचलित जनित्रे होती. त्याखेरीज ३० किलोवॉटचे दोन संकटकालीन संच पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच वर बसवलेले होते. जहाज बुडण्यास काही मिनिटे उरेपर्यंत त्यावरचे दिवे जळत राहिले, आणि त्यामुळेच शेकडो लोकांना जीवरक्षक नौकांपर्यंत पोहोचता आले. मुख्य वीजघराखेरीज दुसरा, उंचावरचा स्रोत असावा हे तत्त्व तेव्हापासून आजवर टिकून आहे.

डिझेल इंजिनाचा जहाजांवरील प्रवेशही याच काळातला. रशियातील नोबेल बंधूंच्या कंपनीचे ‘वांडाल’ हे नदीतून तेलवाहतूक करणारे जहाज १९०३ मध्ये तयार झाले. त्यातील तीन डिझेल इंजिने वीज निर्माण करत आणि त्या विजेवर जहाजाचे पंखे फिरत. १९१२ मध्ये डेन्मार्कच्या ‘सेलांडिया’ने डिझेल इंजिनाच्या बळावर महासागर ओलांडता येतो हे सिद्ध केले. पुढे वाफेचे बॉयलर मागे पडत गेले, तसे वाफेवरचे डायनॅमोही गेले आणि त्यांच्या जागी डिझेल जनित्रे आली.

दरम्यान विजेवर अवलंबून असलेल्या यंत्रांची यादी वाढत गेली. आज सुकाणू फिरवणारे पंप, मुख्य इंजिनाला इंधन, वंगणतेल आणि थंड पाणी पुरवणारे पंप, रडार, होकायंत्र, संदेशवहन, आग विझवण्याचे पंप, नांगराची यंत्रे, शीतगृहे आणि स्वयंपाकघर या साऱ्यांना वीज लागते. मुख्य इंजिन स्वतः डिझेलवर चालत असले, तरी त्याच्या पंपांची वीज गेली की तेही काही क्षणांत बंद होते.

दोन प्रकारची इंजिने

मोठ्या मालवाहू जहाजाच्या इंजिन-कक्षात दोन वेगळ्या स्वभावाची इंजिने नांदतात. जहाज पुढे ढकलणारे मुख्य इंजिन अनेक मजली इमारतीएवढे उंच असते आणि मिनिटाला साधारण ८० ते १०० फेरे एवढ्या संथ गतीने पंखा फिरवते. जनित्रांची इंजिने त्या मानाने लहान, पण मिनिटाला ७२० किंवा ९०० फेरे घेणारी असतात. सामान्यतः अशी तीन किंवा चार जनित्रे एकाच कक्षात शेजारीशेजारी बसवलेली असतात.

फेऱ्यांचे हे आकडे विजेच्या वारंवारतेवरून ठरतात. जनित्राच्या चुंबकीय ध्रुवांची संख्या आणि मिनिटाचे फेरे यांच्या गुणाकाराला १२० ने भागले की वारंवारता मिळते. आठ ध्रुवांचे जनित्र ९०० फेऱ्यांनी किंवा दहा ध्रुवांचे ७२० फेऱ्यांनी फिरवले की ६० हर्ट्‌झ वीज मिळते. भारतातील घरगुती वीज ५० हर्ट्‌झची असली, तरी बहुसंख्य जहाजांवर ६० हर्ट्‌झ आणि ४४० व्होल्ट हेच प्रमाण रूढ आहे. जिथे गरज फार मोठी असते तिथे, उदाहरणार्थ हजारो कंटेनर वाहणाऱ्या जहाजांवर, वीज ६,६०० व्होल्ट दाबाने निर्माण करून रोहित्राद्वारे ४४० व्होल्टवर उतरवली जाते. दाब जास्त ठेवल्याने तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो आणि तारा जाड कराव्या लागत नाहीत.

इंजिन सुरू करण्याची पद्धतही जाणून घेण्याजोगी आहे. जनित्राचे मोठे इंजिन मोटारीसारखे बॅटरीवर सुरू होत नाही. टाक्यांमध्ये वातावरणाच्या सुमारे तीसपट दाबाने साठवलेली हवा सोडून ते फिरवले जाते. त्यामुळे जहाजावर वीज नसली तरी हवेचा साठा शाबूत असेल, तर जनित्र पुन्हा चालू करता येते.

एकदा ते चालू झाले की दोन नियंत्रक त्याची सूत्रे हाती घेतात. पहिला गव्हर्नर. भार वाढला की इंजिनाची गती मंदावू लागते. गव्हर्नर ते ओळखून अधिक इंधन सोडतो आणि वारंवारता सांभाळतो. दुसरा व्होल्टेज नियामक. तो जनित्राच्या चुंबकांना मिळणारा प्रवाह कमीजास्त करून विजेचा दाब स्थिर राखतो.

इंधनाची व्यवस्था हा स्वतंत्र विषय ठरावा. जहाजावरील जड इंधनतेल नेहमीच्या तापमानाला डांबरासारखे घट्ट असते. ते तापवून, गाळून, त्यातील पाणी आणि गाळ यंत्राने वेगळा करूनच इंजिनाकडे पाठवावे लागते. १ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजांच्या इंधनातील गंधकाचे प्रमाण ०.५० टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले. ज्या जहाजांवर धुरातील गंधक धुऊन काढणारी यंत्रणा आहे, तीच अधिक गंधकाचे तेल वापरू शकतात. किनाऱ्यालगतच्या काही नियंत्रित क्षेत्रांत ही मर्यादा आणखी कडक, म्हणजे ०.१० टक्के आहे. अशा क्षेत्राच्या वेशीवर इंधन बदलावे लागते. गरम, दाट तेलावरून पातळ तेलावर जाण्याचा हा काळ अभियंत्यांना डोळ्यांत तेल घालून काढावा लागतो. इंधनाचा दाब घसरला तर जनित्र बंद पडण्याचा संभव असतो.

दोन जनित्रांची जुगलबंदी

भर समुद्रात, शांत हवामानात एकच जनित्र सहसा पुरते. बंदरात शिरताना किंवा तेथून निघताना मात्र किमान दोन चालू ठेवतात. अरुंद जलमार्गात एक जनित्र बंद पडलेच, तर दुसऱ्याने क्षणाचाही खंड न पडता भार उचलावा, हा त्यामागील हेतू. शिवाय जहाजाचे नाक आडवे सरकवणारे विजेवरचे पंखे, नांगराची यंत्रे आणि दोरखंड ओढणारी रहाटे यांची गरज नेमकी याच वेळी उद्भवते.

चालू जनित्राला दुसरे जोडणे म्हणजे केवळ बटण दाबणे नव्हे. दोन्हींचा दाब सारखा हवा, वारंवारता जवळपास सारखी हवी आणि दोन्हींच्या विजेच्या लहरी एकाच क्षणी एकाच टप्प्यावर यायला हव्यात. हे जुळले की नाही ते ‘सिंक्रोस्कोप’ नावाचे तबकडीचे उपकरण दाखवते. त्याचा काटा घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरू लागला, म्हणजे नवे जनित्र किंचित वेगात आहे असे समजावे. आणि काटा बाराच्या ठिकाणी पोहोचता पोहोचता ब्रेकर जोडावा, हा शिरस्ता. हा मेळ साधला नाही, तर प्रचंड प्रवाह उसळतो, इंजिनाच्या दंडाला जबर हिसका बसतो आणि दोन्ही जनित्रे तुटून जहाज अंधारात जाऊ शकते. आता हे काम बहुतेक ठिकाणी संगणकीय व्यवस्था करते. तरीही हाताने जनित्र जोडता येणे हे नौअभियंत्याच्या शिक्षणातील आवश्यक कौशल्य आहे.

जहाजावरचे भारनियमन

‘भारनियमन’ हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. जहाजावर ते सेकंदांत आणि आपोआप घडते. समांतर चालणाऱ्या दोन जनित्रांपैकी एक अचानक तुटले, तर उरलेल्यावर दुप्पट भार पडतो. ते दमून बंद पडण्याआधी व्यवस्था कमी महत्त्वाच्या गोष्टी पायरीपायरीने तोडते: आधी वातानुकूलन, स्वयंपाकघर, मालासाठीची काही यंत्रे, मग त्यांच्याहून थोड्या अधिक गरजेच्या. सुकाणू आणि मुख्य इंजिनाचे पंप यांना हात लावला जात नाही. त्याच वेळी राखीव जनित्र आपोआप सुरू होऊन जोडले जाते.

संरक्षणाची ही साधने जमिनीवरच्यापेक्षा वेगळ्या विचाराने योजलेली असतात. घरात तारेचा स्पर्श अर्थिंगला झाला की पुरवठा तत्काळ तुटावा, अशी रचना असते. जहाजाच्या ४४० व्होल्टच्या व्यवस्थेत मात्र न्यूट्रल बिंदू लोखंडी सांगाड्याशी जोडत नाहीत. एखादी तार सांगाड्याला लागली तरी यंत्र चालूच राहते. केवळ धोक्याचा दिवा लागतो आणि विद्युत अधिकारी दोष शोधण्यास निघतो. सुकाणूच्या मोटारीच्या बाबतीत तर हा विचार आणखी पुढे नेला आहे. तिच्यावर अतिभार आला तर इशारा मिळतो, पण शॉर्टसर्किटखेरीज ती सहजासहजी तुटत नाही. मोटार जळाली तरी बेहत्तर, पण सुकाणू थांबता कामा नये, असा हा हिशेब आहे.

पंचेचाळीस सेकंद

एवढे करूनही वीज गेलीच तर? ‘सोलास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सागरी जीवितरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात याची तरतूद आहे. ‘टायटॅनिक’च्या दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये या कराराचा पहिला मसुदा झाला, सध्याचा करार मूळ १९७४ चा असून त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या आहेत. त्यानुसार मुख्य वीजघरात किमान दोन जनित्रे हवीत आणि त्यांतील एक बंद असतानाही जहाजाचे चालन व सुरक्षितता अबाधित राहिली पाहिजे.

याशिवाय संकटकालीन वीजस्रोत वेगळा हवा. तो सहसा लहान डिझेल जनित्राच्या रूपात असतो. त्याची जागा इंजिन-कक्षाच्या बाहेर आणि सर्वांत वरच्या सलग डेकच्या वर असली पाहिजे. म्हणजे खाली आग लागली किंवा पाणी शिरले तरी ते सुरक्षित राहील. त्याची इंधनाची टाकी, सुरू करण्याची साधने आणि वितरण फलक हे सारे स्वतंत्र असते. मुख्य वीज गेल्यापासून ४५ सेकंदांच्या आत त्याने आपोआप भार घेतला पाहिजे. मालवाहू जहाजावर १८ तास आणि प्रवासी जहाजावर ३६ तास पुरेल एवढी त्याची क्षमता असावी लागते. दिवे, संदेशवहन, धोक्याच्या सूचना आणि आगीचा पंप अशा मोजक्याच गोष्टी त्यावर चालतात. मधल्या काही सेकंदांची पोकळी बॅटऱ्या भरून काढतात.

मात्र संकटकालीन जनित्र जहाजाला पुढे नेऊ शकत नाही. ते केवळ अंधार टाळते आणि मुख्य वीजघर पुन्हा उभे करण्यासाठी उसंत मिळवून देते. ती उसंत पुरेल की नाही, हे किनारा किती दूर आहे यावर ठरते. अलीकडच्या दोन घटनांत ते अंतर फारच थोडे होते.

तेलाची पातळी

काही जहाजांत मुख्य इंजिन आणि जनित्रे असा भेद नसतो. सर्व डिझेल इंजिने वीजच निर्माण करतात आणि त्याच विजेवर पंखे फिरवणाऱ्या मोटारी चालतात. ‘क्वीन एलिझाबेथ २’ या ख्यातनाम प्रवासी जहाजाची वाफेची यंत्रे १९८६-८७ मध्ये काढून त्या जागी नऊ डिझेल इंजिनांचे असे वीजघर बसवण्यात आले. गरजेप्रमाणे कमीजास्त इंजिने चालवता येत असल्याने प्रवासी जहाजांना ही पद्धत सोयीची ठरली. तिची दुसरी बाजू अशी की वीज गेली की दिवे आणि गती दोन्ही एकदमच जातात.

२३ मार्च २०१९ रोजी ‘व्हायकिंग स्काय’ हे प्रवासी जहाज नॉर्वेच्या हुस्टाडव्हिका या खडकाळ किनाऱ्याजवळ वादळात सापडले. जहाजावर १,३७३ माणसे होती. चारपैकी एक जनित्र आधीच नादुरुस्त होते. उरलेली तीनही पाठोपाठ बंद पडली. नांगर टाकूनही जहाज खडकांकडे ढकलले जात होते. अभियंत्यांनी इंजिने पुन्हा सुरू केली, तेव्हा खडक अगदी हाकेच्या अंतरावर होते. हेलिकॉप्टरने शेकडो प्रवाशांना एकेक करून उचलून न्यावे लागले. उरलेल्यांसह जहाज दुसऱ्या दिवशी बंदरात पोहोचले.

कारण आश्चर्य वाटावे इतके साधे होते. इंजिनाखालच्या टाक्यांत वंगणतेल कमी होते. निर्मात्याच्या शिफारशीनुसार टाक्या ६८ ते ७५ टक्के भरलेल्या असायला हव्या होत्या. त्या प्रत्यक्षात २८ ते ४० टक्केच होत्या. शांत समुद्रात तेवढे तेल चालून जात होते. जहाज लाटांवर हेलकावू लागले तसे तेल टाकीच्या एका बाजूला गेले, पंपाच्या तोंडाशी हवा आली, तेलाचा दाब घसरला आणि इंजिनांनी स्वतःला वाचवण्यासाठी काम थांबवले. राखीव यंत्रे असूनही सर्वांत एकच उणीव होती, त्यामुळे एकही राखीव उरले नाही.

एक सैल तार

दुसरी घटना २६ मार्च २०२४ ची. सिंगापूरचा ध्वज असलेले, सुमारे ३०० मीटर लांबीचे ‘डाली’ हे कंटेनरवाहू जहाज अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून कोलंबोकडे निघाले होते. त्यावरील बहुसंख्य कर्मचारी भारतीय होते. मध्यरात्रीनंतर फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या अलीकडे जहाजावरील वीज गेली, सुमारे मिनिटभराने आली आणि पुन्हा गेली. पहिला अंधार ते टक्कर यांत जेमतेम चार मिनिटे गेली. १९७७ मध्ये खुला झालेला तो पूल पाण्यात कोसळला आणि त्यावर रस्त्याची दुरुस्ती करणारे सहा कामगार मृत्युमुखी पडले. जहाजावरील पायलटांनी वेळीच दिलेल्या इशाऱ्यामुळे पुलावरची वाहतूक रोखली गेली, अन्यथा बळींची संख्या बरीच वाढली असती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये आपला निष्कर्ष जाहीर केला. नियंत्रण फलकातील एका तारेवर तिचा क्रमांक दाखवणारी पट्टी चुकीच्या जागी बसवलेली होती. त्यामुळे तार जोडणीच्या खाचेत पूर्ण शिरली नव्हती. ती सैल झाली, ब्रेकर तुटला आणि ६,६०० व्होल्टची वीज ४४० वर उतरवणाऱ्या रोहित्राचा पुरवठा थांबला. जनित्रे त्या क्षणी व्यवस्थित चालू होती. पंपांपर्यंत वीज पोहोचत नव्हती एवढेच. थंड पाण्याचा दाब गेला तसे मुख्य इंजिन आपोआप बंद झाले. राखीव रोहित्र उपलब्ध होते, पण ती व्यवस्था स्वयंचलित नव्हे तर हस्तचालित स्थितीत ठेवलेली होती.

दुसऱ्यांदा वीज गेली ती इंधनामुळे. चालू जनित्रांना तेल पुरवण्यासाठी नळ्या धुण्याचा पंप वापरला जात होता. नेहमीचे इंधनपंप वीज परत येताच आपोआप सुरू होतात. हा पंप तसा सुरू होणारा नव्हता. पहिल्या अंधारात तो थांबला तो थांबलाच. नळ्यांमधला इंधनाचा दाब ओसरला आणि ऐनवेळी जनित्रे गळाठली.

या दोन्ही घटनांत जनित्रे अपुरी नव्हती की जुनाटही नव्हती. दोन्ही जहाजांवर राखीव यंत्रणा होती. तेलाची पातळी, तारेचे टोक आणि कळ कोणत्या स्थितीत आहे, अशा रोजच्या बारीकसारीक गोष्टींनी ती निकामी केली. जहाजावरील वीजपुरवठ्याचे मर्म यातच आहे. यंत्रांची संख्या सुरक्षितता देत नाही. प्रत्येक राखीव यंत्र खरोखर स्वतंत्र आहे आणि हाक मारताच उभे राहील, याची रोज केलेली खात्री ती देते. संकटकालीन जनित्राची नियमित चाचणी, तेलाची दर पाळीला होणारी तपासणी आणि जोडण्या घट्ट आहेत का हे पाहण्याची सवय यांचे मोल म्हणूनच मोठे आहे.

बदलते वारे

बंदरात उभ्या जहाजाची जनित्रे रात्रंदिवस चालू राहतात आणि त्यांचा धूर थेट बंदराच्या शहरावर पसरतो. त्यावर उपाय म्हणून जहाजाला किनाऱ्यावरून वीज देण्याची पद्धत रुजू लागली आहे. भारतासारख्या ५० हर्ट्‌झच्या देशात त्यासाठी वारंवारता बदलणारी यंत्रणा लागते. युरोपीय संघाच्या प्रमुख बंदरांत २०३० पासून कंटेनर आणि प्रवासी जहाजांना किनाऱ्यावरची वीज घेणे बंधनकारक होणार आहे. कमी अंतराच्या फेऱ्यांसाठी बॅटरीवरच्या बोटीही आल्या आहेत; नॉर्वेत २०१५ मध्ये मोटारी वाहून नेणारी ‘अँपिअर’ ही फेरीबोट पूर्णपणे विजेवर धावू लागली.

महासागर ओलांडणाऱ्या जहाजांसाठी मात्र डिझेल जनित्राला सर्वार्थाने पर्याय अद्याप मिळालेला नाही. भारतात या इंजिनांच्या निर्मितीचा एक धागा पुण्याशी जोडलेला आहे. नौदलाने एप्रिल २०२५ मध्ये पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीशी ६ मेगावॉट क्षमतेचे मध्यम गतीचे डिझेल इंजिन देशातच विकसित करण्याचा करार केला. सुमारे २७० कोटी रुपयांच्या या प्रकल्पातील ७० टक्के खर्च केंद्र सरकार उचलणार असून, युद्धनौका चालवण्यासाठी आणि त्यांवर वीज निर्माण करण्यासाठी ही इंजिने वापरण्याचा उद्देश आहे. मोठ्या क्षमतेच्या अशा इंजिनांसाठी देशाला आजवर मुख्यतः परदेशी कंपन्यांवर विसंबावे लागले आहे.

इंजिन कुठेही घडलेले असो, ते जहाजावर चढले की त्याला एकच नियम लागू होतो. मदतीला येणारे दुसरे जाळे क्षितिजापर्यंत कुठेही नाही, हे गृहीत धरूनच त्याची निगा राखावी लागते.